‘बोगन’, ‘हून’ आणि बाकीची मंडळी

तुमचा प्रश्न असा: मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीट-वेरिबी भागात भाड्याचं घर बघताय, पण त्या भागाबद्दलच्या शेऱ्यांमध्ये ‘बोगन’, ‘हून’, ‘एशे’ असले शब्द वाचून वहिनी धास्तावल्या आहेत. हे सगळे गुंड का, आणि तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन तिथे राहावं का? मी याच बाजूला राहतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ‘बोगन’, कारण तो सगळ्यात जास्त दिसेल आणि त्याला घाबरण्याचं कारण सगळ्यात कमी. मागे लांब वाढवलेले केस, चौकड्यांचा फ्लॅनेलचा शर्ट, पायात अग बूट (मेंढीच्या कातड्याचे लोकरी बूट), हातात बिअर, मोठ्यानं बोलणं: असा गोरा कष्टकरी माणूस म्हणजे बोगन. त्यात गुन्हेगारी काही नाही. खालच्या वर्गाला नाक मुरडण्याचा हा शब्द आहे, आणि तो वापरणारा बहुधा महागड्या उपनगरातला असतो. सिडनीत अशांना ‘वेस्टी’, म्हणजे पश्चिमेकडच्या उपनगरांतला, म्हणत, म्हणजे पत्ता हीच शिवी. न्यू साउथ वेल्समध्ये बोगन नावाची नदी आणि तालुका खरोखरच आहे, आणि तिथल्या निंगन गावानं 2015 साली बोगनचा भलामोठा पुतळा उभारून पर्यटक बोलवायला सुरुवात केली. तुमचा शेजारी बोगन निघाला तर गाडी बंद पडलेल्या दिवशी जंप लीड घेऊन पहिला तोच येईल. पण तुम्ही स्वतः हा शब्द कुणाला वापरू नका. ते स्वतःला म्हणतात ते त्यांचं त्यांना शोभतं.

‘हून’ मात्र खरी कटकट आहे. रात्री रिकाम्या रस्त्यावर गाडी गरगर फिरवायची, टायर जाळून धूर काढायचा, शर्यती लावायच्या, हा त्यांचा उद्योग. गंमत म्हणजे हा बोली शब्द सरकारनंही उचललाय. क्वीन्सलँड पोलिसांचा तक्रारीचा फोन नंबरच ‘13 हून’ असा आहे. आपल्या व्हिक्टोरिया राज्यात (मेलबर्न त्यातच येतं) 2006 पासून हूनविरोधी कायदा आहे आणि तो तुम्हालाही लागू पडू शकतो, हे आपली माणसं विसरतात. मर्यादेपेक्षा ताशी 45 किलोमीटर जास्त वेगानं पकडलात, तर पोलीस गाडी 30 दिवस ताब्यात ठेवू शकतात. गाडी तुमची आणि चालवणारा तुमचा भाचा असला, तरी जाते ती गाडीच. नव्यानं आलेल्या पाहुण्याला हौसेनं किल्ली देताना हे लक्षात असू द्या.

‘एशे’ म्हणजे पंधरा ते वीस वयाची पोरं. पायात नायकीचे ठरावीक महागडे बूट, छातीवर आडवी लटकवलेली छोटी पिशवी, डोक्याला टोपी. स्टेशनवर घोळक्यानं उभी असतात आणि पिग लॅटिनमध्ये बोलतात, आपण लहानपणी ‘च’ची भाषा बोलायचो तशी: ‘लॅड’चं ‘ॲडले’ होतं. बहुतेक नुसता रुबाब असतो. पण काही टोळकी एकट्या मुलाकडून फोन किंवा बूट हिसकावतात, तेव्हा मुलाला एवढंच सांगा की रोखून बघायचं नाही, प्रत्युत्तर द्यायचं नाही, सरळ डबा बदलायचा. 2012 पासून इथल्या स्टेशनांवर संध्याकाळनंतर पीएसओ म्हणजे संरक्षण अधिकारी नेमले गेले. ते कुठे उभे असतात ते त्याला दाखवून ठेवा.

फसवा शब्द म्हणजे ‘बायकी’. इथे पोस्टमनला ‘पोस्टी’, सुतार-प्लंबरला ‘ट्रेडी’ असं लाडानं म्हणतात, त्यामुळे बायकी म्हणजे मोटारसायकलवाला हौशी असेल असं वाटतं. तसं नाही. बायकी म्हणजे संघटित टोळीतला माणूस: अमली पदार्थ, खंडणी, बंदुका. 2 सप्टेंबर 1984 ला सिडनीच्या मिलपेरा भागात एका पबच्या वाहनतळावर कोमांचेरो आणि बँडिडोस या दोन टोळ्यांत गोळीबार होऊन सात जण मेले. त्यात एक शाळकरी मुलगी होती, तिचा कुणाशी काही संबंध नव्हता. ‘स्टँडओव्हर मॅन’ हा याच जगातला, हप्ता वसूल करणारा. हल्ली राजकारणी एकमेकांवर ‘स्टँडओव्हर’ केल्याचा आरोप करतात, तेव्हा बातमी नीट वाचूनच घाबरा.

आता उलटी बाजू. ‘लॅरिकिन’ हा 1870 च्या सुमारास मेलबर्न-सिडनीच्या रस्त्यांवर दंगा करणाऱ्या टवाळ पोरांचा शब्द होता. आज तो कौतुकाचा आहे. नियम धाब्यावर बसवणारा, पण मनानं मोकळा, असा. पंतप्रधान बॉब हॉक लॅरिकिन, शेन वॉर्नही लॅरिकिन. खेळाडूत ‘थोडा माँग्रेल (मूळ अर्थ मिश्र जातीचा कुत्रा) आहे’ म्हटलं तर तीही शाबासकीच. आणि ‘बास्टर्ड’ इथे मित्रालाही म्हणतात. 2008 ची सिडनी कसोटी तुम्हाला आठवत असेलच. तिथे ब्रॅड हॉगनं कुंबळे आणि धोनीला हाच शब्द वापरल्याची तक्रार आपल्या संघानं केली, आणि नंतर ती मागे घेतली. ऑफिसात कुणी हसत हसत तुम्हाला तसं म्हणालं तर मनावर घेऊ नका. उलट म्हणायची घाई मात्र करू नका, निदान पहिलं वर्ष तरी.

मुलासाठी दोन शब्द महत्त्वाचे. शिक्षकांकडे चुगली करणारा तो ‘डॉबर’, आणि पोरांत त्याची फार नालस्ती होते. ‘डॉग’ त्याहून वाईट. तो तुरुंगातून आलेला खबऱ्यासाठीचा शब्द आहे आणि त्यावरून मारामाऱ्या होतात. आपल्या मुलांना ‘बाईंना सांग’ हे वळण असतं. छळ होत असेल तर सांगायलाच हवं, पण ते तुम्ही शाळेला लिहा. वर्गात सगळ्यांसमोर त्याला सांगायला लावू नका.

2009 चे भारतीय विद्यार्थ्यांवरचे हल्ले वहिनींच्या मनात असणार, ते मी झाकून ठेवत नाही. हे विद्यार्थी त्या वर्षी मे अखेरीस मेलबर्नच्या मध्यवर्ती फ्लिंडर्स स्ट्रीटवर धरणं धरून बसले होते, ते उगाच नव्हे. रात्रपाळीहून एकट्यानं ट्रेननं परतणारी मुलं त्यात जास्त सापडली. त्यामुळे घर स्टेशनपासून चालत किती लांब आहे आणि त्या वाटेवर दिवे आहेत का, हे शेऱ्यांपेक्षा जास्त बघा.

आणि घर बघायला शनिवारी सकाळी एजंटबरोबर गेलात, तरी शुक्रवारी रात्री दहानंतर एकदा स्वतः चक्कर मारा. कोपऱ्यावरच्या चौकात डांबरावर टायरची काळी वर्तुळं ताजी दिसली, तर तो रस्ता सोडा आणि दोन गल्ल्या आत घर शोधा. भाडंही बहुधा तेवढंच पडेल.