नंदीचा कान आणि नव्वद पर्सेंटाइलची अट

(पत्राचा आशय : नागपूरच्या मानेवाडा भागातील एका वडिलांचा मुलगा बारावी विज्ञान शाखेत असून जेईईच्या क्लासला जातो. गणिताचे गुण घसरत आहेत आणि रात्री दोनपर्यंत तो आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘एका आकृतीचे ठिपके सरकवत’ बसतो. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीचा एक कान हलवायला त्याने चार रात्री घालवल्या. आता लॅपटॉप रोज रात्री दहाला कपाटात कुलूपबंद होतो. ‘जेईईत ९० पर्सेंटाइल आण, मग हवे ते कर’, अशी अट वडिलांनी घातली आहे. शहरातील एक संस्था पावणेतीन लाख रुपयांत, नोकरीच्या हमीसह, ॲनिमेशन शिकवते. तिथे पैसे भरावेत का, असे ते विचारतात.)

नमस्कार.

आपल्या पत्रात गुणांविषयी दीड पान आहे, फीविषयी अर्धे पान आहे आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखे, एक वाक्य आहे : ‘पूर्वी काही केले की आधी मला दाखवायचा, आता मी खोलीत आलो की स्क्रीन मिटतो.’ मी पत्र पुन्हा वाचले ते या वाक्यासाठी. गणिताचे गुण क्लासवाले पाहतील. स्क्रीन का मिटतो, हे मात्र आपल्यालाच पाहावे लागेल.

आपली अट क्षणभर त्याच्या बाजूने पाहा. ९० पर्सेंटाइल मिळाले, तर ‘एवढे मिळाल्यावर इंजिनीअरिंग कशाला सोडतोस’ असे आपणच म्हणाल. नाही मिळाले, तर ‘अट ठरली होती’ असे म्हणाल. दोन्हीकडून हरणारी ही पैज सतरा वर्षांच्या मुलाला पहिल्याच दिवशी कळलेली असते, आणि मग त्याचे धड अभ्यासात मन लागत नाही, धड कामात लागत नाही. अशी अट घालणाऱ्या पालकांना मी समोर बसवून विचारतो, की गुण आलेच तर खरोखर मोकळे सोडाल का. बहुतेक वेळा वडील गप्प राहतात आणि उत्तर आई देते. शिवाय ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. शंभरांतील दहा आपल्या पुढे आहेत, एवढाच त्याचा अर्थ, आणि तेवढ्यावर आपल्याच गावातील व्हीएनआयटी या राष्ट्रीय अभियांत्रिकी संस्थेचे दार खुल्या प्रवर्गाला सहसा उघडत नाही. आपण डिप्लोमावर अडलात, ही सल पत्रात दोनदा आली आहे. ती खरी आहे, पण ती आपली आहे.

आता त्या चार रात्रींविषयी. ‘बटण दाबले की हलवतो कॉम्प्युटरच, हा नुसता बसून राहतो’, असे आपण लिहिता, आणि हा गैरसमज एकट्या आपला नाही. सुरुवातीची स्थिती आणि शेवटची स्थिती दिली, की मधल्या फ्रेम, म्हणजे एकामागून एक दिसणारी स्थिर चित्रे, कॉम्प्युटर भरतो, हे खरे. परंतु तो त्या सरसकट भरतो आणि कान दाराच्या फळीसारखा हलतो. खऱ्या बैलाचा कान बुडाशी आधी वळतो, टोक दोन-तीन फ्रेम मागून येते आणि थोडे पुढे जाऊन परत फिरते. अडचण अशी, की आफ्टर इफेक्ट्समध्ये आकृतीचा मार्ग, म्हणजे तिची बाह्यरेषा, हा एकच गुणधर्म असतो आणि त्याच्या एका कीफ्रेममध्ये, म्हणजे ठरावीक क्षणी नोंदलेल्या स्थितीत, सगळे बिंदू एकत्र बांधलेले असतात; एकट्या टोकाची कीफ्रेम काढून पुढे सरकवता येत नाही. त्यावर तोड म्हणून २०१७ च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीपासून एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा तयार प्रोग्रॅम, त्या सॉफ्टवेअरसोबतच मिळते. ती प्रत्येक बिंदूला ‘नल’ नावाची, अंतिम चित्रात न दिसणारी एक वस्तू जोडते, नल हलवला की तो बिंदू हलतो आणि प्रत्येक नलाची वेळ वेगळी ठेवता येते. ‘न दिसणाऱ्या वस्तू हलवत बसतो’ अशी आपण केलेली तक्रार त्याच्या कामाचे नेमके वर्णन आहे. ही तोड त्याने स्वतः शोधली असेल, तर चार रात्री फार नाहीत.

आणखी एक. त्या कानाची प्रत्येक वक्ररेषा दोन टोकांचे बिंदू आणि वळण ठरवणारी त्यांची दोन हँडल, अशा चार बिंदूंवरून निघते, आणि त्यांचे मिश्रण ज्या सूत्राने होते त्यातील गुणक १, ३, ३, १ असे, म्हणजे अकरावीच्या द्विपद प्रमेयातलेच असतात. रेनोच्या मोटारींचे आकार आखणाऱ्या पिएर बेझिए या अभियंत्याच्या नावाने ही रेषा ओळखली जाते. हे मी आपल्या माहितीसाठी लिहितो आहे. ‘बघ, इथेही गणितच आहे’ असे त्याला सुनावण्यासाठी कृपया वापरू नये, नाहीतर तो हेही मिटून ठेवील.

संस्थेत पैसे भरू नका. नोकरीची लेखी हमी मागा आणि मागील तुकडीतील पाच विद्यार्थ्यांचे काम दाखवा म्हणावे. पुढचे संभाषण किती टिकते ते आपल्याला दिसेलच. हे काम देणारा माणूस प्रमाणपत्र पाहत नाही, मिनिटभराची शोरील, म्हणजे निवडक कामाची चित्रफीत, पाहतो, आणि कोणते बटण कुठे आहे हे शिकवायला पावणेतीन लाख लागत नाहीत. सराव करायला ब्लेंडर हे ॲनिमेशनचे सॉफ्टवेअर फुकट मिळते.

शिक्षणाच्या वाटा थोडक्यात : यूसीड (आयआयटीसारख्या संस्थांतील डिझाइनच्या पदवीची परीक्षा) आणि एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची प्रवेश परीक्षा कोणत्याही शाखेतून देता येते, तर उपयोजित कलेच्या पदवीसाठी राज्याची स्वतंत्र सीईटी असून नागपुरात शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. या परीक्षांत हाताने काढलेले चित्र लागते, सॉफ्टवेअर नव्हे. त्याने कधी कागदावर बैल काढला आहे का, हे आपल्या पत्रात नाही, त्याला विचारा. उत्तर ‘नाही’ आले, तर ॲनिमेशनचा निर्णय आत्ता घेऊच नये. बारावी नीट पार पडू द्यावी आणि रोज अर्धा तास पेन्सिल हातात धरून पाहावी.

अट मागे घ्या, तीही त्याच्यासमोर, स्पष्ट शब्दांत. लॅपटॉपची वेळ मात्र दोघांनी मिळून ठरवा, कारण रात्री दोनपर्यंतचे जागरण बारावीच्या वर्षात मलाही मान्य नाही. कुलूप काढल्यावर पहिल्या दिवशी गुणांचा विषय काढू नका. नंदीचा कान दाखव म्हणा, आणि तो किती फ्रेम मागे ठेवला आहेस, एवढेच विचारा.