वाचकांचे प्रश्न : रोजचे शास्त्रवाचन आणि हुकलेले दिवस

प्रश्न : प्रभूच्या नावात सलाम. दरवर्षी 1 जानेवारीला मी वर्षभरात संपूर्ण बायबल वाचण्याचा नेम धरते आणि फेब्रुवारीत, लेवीयाच्या पुस्तकापाशी, तो मोडतो. माझे पती स्टीलच्या कारखान्यात पाळीने कामाला जातात, नळाला पाणी कधी पहाटे तर कधी रात्री येते, त्यामुळे पहाटेची ठरावीक वेळ पाळता येत नाही. हुकलेले अध्याय साठत जातात आणि मग बायबल उघडायचीच लाज वाटते. प्रार्थनेतही तेच ते शब्द येतात. काय करावे?
— एक भगिनी, जालना

उत्तर : ताई, आधी हिशेब पाहू. आपल्या बायबलात 66 पुस्तके आणि 1,189 अध्याय आहेत. रोज तीन वाचले तरी वर्षाअखेर काही उरतातच. 1 जानेवारीपासून तीन-तीन अध्याय घेतले, तर उत्पत्तीचे 50 आणि निर्गमचे 40 अध्याय संपून 31 तारखेला लेवीय हाती येते. अर्पणांचे विधी, शुद्ध-अशुद्धाचे नियम आणि त्वचारोगाची तपासणी यांनी बराचसा भरलेला हा 27 अध्यायांचा ग्रंथ एकट्याने, घाईत आणि समजावून सांगणारे कोणी जवळ नसताना वाचणे अवघड आहे. (तो टाकाऊ मुळीच नाही, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा येशूने उद्धृत केली ती त्यातल्याच एकोणिसाव्या अध्यायातली.) तेव्हा तुमचा नेम मोडतो यात श्रद्धेपेक्षा वेळापत्रकाचा दोष मला अधिक दिसतो. यंदा वर्षाची योजना बाजूला ठेवा आणि मार्काच्या शुभवर्तमानापासून, म्हणजे येशूच्या चरित्रापासून, सुरुवात करा. अध्याय सोळाच आहेत. रोज एक प्रसंग वाचा, अध्याय पुरा झालाच पाहिजे असे नाही. सोबतीला एखादे स्तोत्र असू द्या.

आता वेळेविषयी. पहाटेची प्रार्थनाच खरी, असा एक समज आपल्या मंडळ्यांत पक्का बसलेला आहे आणि त्याला आधार म्हणून मार्क 1:35 हे वचन सांगितले जाते, ज्यात येशू अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थना करतो. परंतु त्याच शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात तो दिवसभराच्या गर्दीनंतर, लोकांना निरोप देऊन, डोंगरावर प्रार्थनेला जातो. लूक 6:12 मध्ये तर तो सारी रात्र प्रार्थनेत घालवतो. दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे. ज्या घरात पाळी दर आठवड्याला बदलते, तिथे घड्याळातली वेळ धरून बसण्यापेक्षा रोज हमखास घडणारे एखादे काम धरावे आणि त्याला वाचन जोडावे. पतींचा डबा भरून झाल्यावर वाचेन, असे तुम्हाला सुचेल. पण सुट्टीच्या दिवशी डबा नसतो आणि नेम तिथेच सुटतो. दिवसाचा पहिला चहा मात्र कोणत्याही पाळीत चुकत नाही. चहा झाला की बायबल, आणि ते कपाटात नव्हे, चहाच्या डब्याशेजारी हाताला लागेल असे ठेवलेले, एवढे ठरवा.

हुकलेल्या दिवसांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमची खरी अडचण तीच आहे. लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ठरलेल्या प्रसंगाला जोडून एक छोटी कृती रोज करणाऱ्या माणसांची नोंद ठेवली होती. कृती अंगवळणी पडायला लागणाऱ्या काळाचा मधला आकडा 66 दिवसांचा निघाला, पण कोणाला 18 दिवस पुरतील तर कोणाला 254 लागतील, एवढा माणसामाणसांत फरक होता. आणि एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. त्या अभ्यासातल्या कृती खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या होत्या, हे खरे. पण तुमच्यापुरता त्याचा उपयोग असा की साठलेले अध्याय ही वीजबिलाची थकबाकी नव्हे. काल राहिलेले काल राहिले; आज आजचाच भाग वाचावा. सहा दिवसांचे अठरा अध्याय रविवारी एका बैठकीत उरकणे म्हणजे वाचन नव्हे, आणि त्या बैठकीच्या धास्तीनेच सोमवारी बायबल उघडले जात नाही.

प्रार्थनेतील तेच ते शब्द हा दोष मानू नका. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1535 साली आपल्या न्हाव्याला प्रार्थना कशी करावी हे लिहून दिले, तेव्हा प्रभूच्या प्रार्थनेची, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेची, एकेक विनंती घेऊन तिच्यावर थांबायला सांगितले, आणि एखाद्या विनंतीवर मन रमले तर बाकीच्या सोडून द्यायलाही हरकत नाही, असे बजावले. त्याच प्रार्थनेतले ‘रोजची भाकर’ म्हणताना कारखान्यातली पाळी, पाण्याची ओढाताण, मुलांची फी आपोआप प्रार्थनेत येईल. जे वाचले त्यातलेच एक वाक्य देवाला परत म्हणून दाखवणे, हाही सोपा मार्ग आहे. मुलांना सामील करायचे असेल तर रात्रीच्या जेवणाआधी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे एखादे भजन आणि दोन मिनिटांची प्रार्थना पुरे. पती रात्रपाळीला असतील त्या आठवड्यात त्यांच्यासाठी अडून बसू नका.

प्रश्न : मी नीटच्या तयारीसाठी लातूरला राहतो. खोलीत आम्ही चौघे आहोत. मोठ्याने प्रार्थना करायला संकोच वाटतो. मोबाईलवर बायबल वाचले तर चालेल का?
— एक विद्यार्थी

उत्तर : चालेल, पण मोबाईल उघडला की आधी क्लासच्या ग्रुपवरचे निरोप दिसतात आणि स्तोत्र राहून जाते, म्हणून खिशात मावणारा छापील नवा करार बरा. आवाजाचे म्हणाल, तर 1 शमुवेलाच्या पहिल्या अध्यायात मुलासाठी प्रार्थना करणाऱ्या हन्नाचे केवळ ओठ हलत होते, वाणी ऐकू येत नव्हती, आणि तिची प्रार्थना ऐकली गेली. मत्तय 6:6 मधली दार लावून घेण्याची आज्ञा लोकांना दिसावे म्हणून प्रार्थना करणाऱ्यांना उद्देशून आहे. स्वतंत्र खोली नसलेल्यावर ती अट नाही. परीक्षेच्या आठवड्यात वेळ नसेल तर 117 वे स्तोत्र वाचावे; त्यात दोनच वचने आहेत.