हिमालयन घ्यावी का? आधी उरणारे नऊ हजार बघू

प्रश्न: वय ३१, उंची पाच फूट पाच इंच, राहायला जुळे सोलापूर, नोकरी चिंचोळी एमआयडीसीत. हातात ५२ हजार येतात. घराचा हप्ता १४ हजार, घरखर्च २४ हजार, एसआयपी ५ हजार. एफडी अडीच लाखांची. घरी आई, पत्नी आणि दोन वर्षांची मुलगी. रॉयल एनफील्ड हिमालयन ४५० घ्यायची आहे. ऑन-रोड कोटेशन ३ लाख ७० हजार, जॅकेट-हेल्मेटचे ३० हजार वेगळे. दीड लाख एफडी मोडून आणि अडीच लाख कर्ज काढून जमेल का? पुढच्या जूनमध्ये मित्रांबरोबर लडाखला जायचंय. जुनी १२५ सीसी विकून कामावरही हीच नेईन. पुढे विकली तरी चांगले पैसे येतात.

उत्तर: आत्ता नको, आणि कामावर तर अजिबात नको.

तुमचा सगळा खर्च वजा जाता महिन्याला नऊ हजार उरतात. अडीच लाखांचं कर्ज १२ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता बसतो सुमारे ८,३०० रुपये आणि व्याजापोटी ४९ हजार जातात. म्हणजे शिल्लक सातशे. आता पेट्रोल. चिंचोळीला जाऊन-येऊन रोजचे चाळीस किलोमीटर धरले तर महिन्याला हजार किलोमीटर होतात. १२५ सीसीला त्यासाठी अठरा लिटर लागतं, साडेचारशेला त्याच्या दुप्पट. वरचे अठराशे-एकोणीसशे रुपये आणायचे कुठून? शिवाय असल्या गाडीच्या टायरची जोडी दहा हजारांच्या पुढे जाते, आणि पुणे रोडच्या गुळगुळीत चौपदरी रस्त्यावर तुम्ही ती रोज झिजवणार. बरं, एफडीत उरणार एक लाख. नोकरीत काही झालं तर नव्या हप्त्यासकट ते दोन महिने पुरतील.

‘विकली तरी चांगले पैसे येतात’ असं तुम्ही लिहिलंय. हे अर्धवट खरं आहे. तीनशे सीसीच्या वरच्या दुचाकीला आपल्या राज्यात १२ टक्के वाहन कर आहे, म्हणजे पस्तीस हजारांच्या वर रक्कम पहिल्याच दिवशी गेली. विम्यातली गाडीची किंमत एक्स-शोरूमवर ठरते आणि सहा महिन्यांनंतर १५ टक्के, वर्षानंतर २० टक्के, दोन वर्षांनंतर ३० टक्के घटवली जाते. गाडी चोरीला गेली तर हिशोब त्या आकड्यावर होणार, तुमच्या ३ लाख ७० हजारांवर नाही. क्रॅश गार्ड, पॅनियर (बाजूला लावायच्या सामानाच्या पेट्या) वेगळे नोंदवले नसतील तर त्यांचे पैसेही मिळत नाहीत.

साडेतीनशे सीसीची रेषा मात्र नीट समजून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलला जीएसटी १८ टक्के झाला, त्यावरच्यांना ४० टक्के. नव्या गाडीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दरांनी १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये आहे, त्याच्या वर थेट १५,११७. हिमालयनचं इंजिन ४५२ सीसीचं. शंभर सीसी जास्तीचे तुम्ही दोन्हीकडे मोजताय. नवीच हवी असेल तर सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स किंवा हिरो एक्सपल्स २१० रेषेच्या खाली आहेत. नळदुर्ग, उजनीचं बॅकवॉटर, विजापूर, बार्शीकडचे आतले रस्ते यासाठी त्या भरपूर झाल्या. पण तुमच्या जागी मी जुनी हिमालयन ४११ शोधेन. ते मॉडेल आता बंद झालंय, चांगल्या अवस्थेतली दीड लाखाच्या आसपास मिळते, आणि महाराष्ट्रातलीच पासिंग असेल तर वाहन कर पुन्हा भरावा लागत नाही.

पैसे असे जमवा. तुमच्या पत्रात विम्याचा एक शब्द नाही, कंपनीचा मेडिक्लेम तेवढा असावा. तो नोकरीबरोबर जातो. तुम्हा तिघांचा मिळून दहा लाखांचा फ्लोटर, म्हणजे एकत्र आरोग्य विमा, आणि एक कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे निव्वळ आयुर्विमा, घ्या. वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासूनच शून्य झालाय. दोन्ही मिळून महिन्याला साधारण तीन हजार धरा. आईंच्या वयाप्रमाणे त्यांची पॉलिसी वेगळी बघावी लागेल, त्यासाठी एफडीचं व्याज वापरा. उरलेले सहा हजार आरडीत टाका. दीड वर्षात १ लाख ८ हजार होतात, त्यात दोन दिवाळ्यांचा बोनस घाला. जुनी ४११ आणि अंगावरचं सगळं सामान यात बसतं, कर्ज शून्य, एफडी शाबूत. १२५ सीसी विकू नका.

सामानात मात्र काटकसर नको. गळीत हंगामात रात्री मोहोळ-पंढरपूर भागात मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या तुम्हीही पाहिल्या असतील. हेल्मेट सर्वांत आधी, पॅनियर सर्वांत शेवटी.

राहिला लडाखचा जून. तो चुकवू नका. सोलापुरातून गाडी चालवत गेलात तर एकेरी अडीच हजार किलोमीटरहून जास्त, आठवड्याची रजा नुसत्या हायवेवर संपते. कर्नाटक एक्सप्रेसने दिल्ली गाठा, पुढे विमानाने लेह, आणि तिथे भाड्याची हिमालयन घ्या. दिवसाला दोन हजारांच्या आसपास पडते. पण लेहचीच घ्या. मनालीहून आणलेल्या भाड्याच्या गाडीला तिथल्या संघटना हरकत घेतात. पहिले दोन दिवस गाडीला हात न लावता नुसता आराम करा. तुमची उंची पाच फूट पाच इंच आहे. ४५० ची सीट ८२५ मिलिमीटरवर आहे आणि वजन १९६ किलो. खडीवर पाय टेकतो का, आडवी पडलेली गाडी एकट्याने उचलते का, हे लडाखच्या त्या दिवसांत कळेल.

परत आल्यावर, पैसे जमले की जुनी ४११ बघायला जाल तेव्हा ओळखीचा मेकॅनिक न्या. चेन-स्प्रॉकेट, कोन सेट (हँडलचं बेअरिंग) आणि क्लच तपासून घ्या, आरसीवर कर्जाचा बोजा नाही ना ते बघा. व्यवहार झाल्यावर चौदा दिवसांच्या आत विमा नावावर करायला अर्ज द्या.