ताण सोसणारी जनुकं : सुरुवात एकापासून करा

पूर, दुष्काळ, थंडी असा ताण सोसायला रोपाला मदत करणाऱ्या शंभर जनुकांची नावं सुरुवातीलाच पाठ करू नका. भातातलं सब१ए हे एकच नीट समजून घ्या. रोप पाण्यात बुडालं की हे जनुक उंची वाढणं रोखतं, साठवलेली साखर वाचते आणि रोप साधारण २ आठवडे तग धरतं. किती सुंदर युक्ती आहे ही! सब१ए हे नियामक जनुक आहे. असं जनुक मुकादमासारखं असतं, इतर जनुकांना कामाला लावतं.

नवखे हमखास इथे चुकतात :
- जनुक कायम चालू ठेवतात. ड्रेब१ए हे दुष्काळ-थंडी सोसायला मदत करणारं नियामक जनुक तसं ठेवल्यावर अरॅबिडॉप्सिसची (प्रयोगांत वापरली जाणारी छोटी वनस्पती) रोपं खुजी राहिली. ताण आल्यावर जागा होणारा आरडी२९ए प्रवर्तक (जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा) जोडल्यावर वाढ बरीच सुधारली.
- रोप जगलं की खूश होतात. पण पीकही यायला हवं, म्हणून दाणे मोजा.

एपिजेनेटिक्स (डीएनएचा क्रम न बदलता जनुकं चालू-बंद होणं) नंतर बघू. अडलं की बिनधास्त विचारा.