देवाच्या दारातली जागा

प्रिय मित्रास,

तुझं पत्र पोचलं. स्त्रियांना पौरोहित्याचा अधिकार मागणाऱ्या त्या बाईंना तू विचारलंस, "देवच नाही, तर त्याच्या दारात जागा कशाला मागता?" प्रश्न बिनतोड, त्या गप्प झाल्या. त्यात तू जिंकलास काय, ते मात्र मला कळलं नाही.

तुझ्या वयात मीही असाच होतो. धर्मसुधारणा म्हणजे गळक्या छपराला ठिगळ. पडू दे की ते, असं म्हणायचो. छपराखाली माणसं राहतात, हे उशिरा ध्यानात आलं.

१७८३ मध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध ब्रिटिश संसदेत अर्ज नेला तो क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी, श्रद्धेपोटीच. आणि १८४५ मध्ये अमेरिकेत बाप्टिस्ट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथातले दक्षिणेकडचे लोक वेगळे निघाले, कारण गुलाम बाळगणाऱ्यालाही धर्मप्रचारक होता यावं, हा त्यांचा हट्ट. बायबल दोघांचंही तेच. बाप्टिस्टांनी माफी मागितली १९९५ मध्ये, दीडशे वर्षांनी! बाहेरच्या रेट्यामुळे मागितली म्हणशील. असेलही. पण रेटा बाहेरून लागला तरी कडी आतूनच काढावी लागते, आणि ती काढणारा बहुधा श्रद्धावानच असतो.

पण म्हणून प्रत्येक सुधारकाला डोक्यावर घेऊ नकोस. १५१७ मध्ये चर्चला आव्हान देणाऱ्या ल्यूथरनंच १५४३ मध्ये ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळायला सांगितलं. कोणाच्या पायातली बेडी सुटते, एवढंच बघायचं.

आता तुझं दुसरं वाक्य: "शे-दोनशे वर्षांत धर्म आपोआप संपेल." त्या 'आपोआप'चीच मला धास्ती वाटते. देव्हाऱ्यातून देव काढून तिथं इतिहास बसवलास, एवढंच झालं. (आम्ही नास्तिक पूजेत कच्चे नसतो.) काँडोर्से या फ्रेंच विचारवंतानं मानवी बुद्धीच्या प्रगतीचा आराखडा लिहिला तो लपून बसून, मागावर होतं फ्रेंच क्रांतीचंच सरकार. १७९४ मध्ये तो कोठडीत मेला. कम्युनिस्ट राजवटीतल्या आल्बेनियानं तर वाट न बघता १९६७ मध्ये चर्च-मशिदींना टाळं ठोकलं. १९९० मध्ये बंदी उठली आणि लोक पुन्हा प्रार्थनेला जमले. मधल्या काळात त्यापायी कितीजण तुरुंगात गेले, ते कोणत्या प्रगतीच्या खात्यावर मांडायचं?

त्या बाईंना पुन्हा भेट. तुझं मत लपवू नकोस, ते त्यांना ठाऊकच आहे. त्यांचा अर्ज कोणत्या वचनाचा आधार घेऊन फेटाळला, ते विचार. उत्तराचा मसुदा दोघांनी मिळून केलात, तर एक प्रत मला धाड.

तुझा,
एक जुना नास्तिक