ख्रिस्ती आजीच्या स्मरणसभेत नातवंडानं काय बोलावं?

सलाम.

तुम्ही लिहिलंय की आजी चौऱ्याण्णवाव्या वर्षी प्रभूघरी गेल्या, रविवारी उपासनेनंतर स्मरणसभा आहे आणि पाळकसाहेबांनी नातवंडांतर्फे तुम्हाला बोलायला सांगितलंय. पण ‘प्रेमळ’, ‘प्रार्थनाशील’, ‘कष्टाळू’ यांच्यापुढे काही सुचत नाही.

हे तिन्ही शब्द कागदावरून काढून टाका, एवढंच माझं सांगणं. ते प्रत्येक आजीबद्दल बोलले जातात आणि बहुतेकदा खरेही असतात, पण ऐकणाऱ्याला त्यातून तुमची आजी दिसत नाही. आजीनं काय केलं ते सांगा. माझी आजी गेली तेव्हा मी काय बोलले ते इथे लिहिते. वाचताना तुमच्या आजींचं काहीतरी नक्की आठवेल.

माझ्या आजीचा जन्म १९२६ चा, नेवासे तालुक्यातला. अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेचं काम नगरला १८३१ पासून चालू होतं, पण खेड्यापाड्यांतली महार-मांग कुटुंबं मोठ्या संख्येनं ख्रिस्ती झाली ती १८७६–७८ च्या दुष्काळानंतर. आजीच्या आजोबांनी त्याच लाटेत बाप्तिस्मा घेतला. पण बाप्तिस्म्यानं गावाची विहीर खुली झाली नाही. आजी लहान असताना घागर घेऊन विहिरीपासून लांब उभी राहायची. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचे, नाहीतर ती रिकामी परत यायची. हे सभेत सांगावं का, यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली. आत्या म्हणाली, “चांगलं तेवढं बोल गं, ते कशाला आता?” पण ते वगळलं असतं तर आजी पुस्तकाला एवढी का चिकटली हे कुणालाच कळलं नसतं. म्हणून मी सांगितलं, आणि सभा संपल्यावर आत्याच माझ्याजवळ येऊन बसली.

नऊ-दहा वर्षांची असताना तिला नगरच्या मुलींच्या बोर्डिंगात घातलं. मराठी सातवीची फायनल पास झाली, मग ट्रेनिंग करून शिक्षिका. नगरमध्ये मुलींच्या शाळा मिशनच्या बायांनी एकोणिसाव्या शतकातच सुरू केल्या होत्या, ‘ज्ञानोदय’ हे मिशनचं नियतकालिकही तिथूनच १८४२ साली निघालं. त्या सगळ्याचा वारसा आजीपर्यंत आला तो एका पाटीच्या रूपानं. आयुष्यभर तिचं एक ठाम मत होतं: ज्याला वाचता येत नाही त्याला पवित्र शास्त्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागतं, आणि दुसऱ्यावर किती भरवसा ठेवायचा?

तरीही तिची भक्ती नुसती पुस्तकी नव्हती. नेवाशाच्या मातीतली बाई, ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली तिथली. अभंग आणि ओवी तिच्या कानात होतीच. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भजनं मराठी चालींवर आणली, आणि ‘उपासना संगीत’ या चर्चमधल्या गीतसंग्रहातली त्यांची गाणी आजी पेटीशिवाय, नुसत्या टाळावर म्हणायची. परकी चाल तिला कधी रुचली नाही. जात्यावर तर तिच्या स्वतःच्या ओव्या असायच्या. एक माझ्या वडिलांना पाठ होती:

पहिली माझी ओवी, बेथलेहेम गावाला
गव्हाणीत निजविलं, मरीयेनं बाळाला

आजोबा एसटीच्या डेपोत होते. ते लवकर गेले आणि चार मुलं आजीच्या एकटीच्या पगारावर राहिली. आई म्हणून ती कडक होती, हेही मी सभेत सांगितलं. शब्बाथ शाळा, म्हणजे चर्चमधली मुलांची रविवारची शाळा, चुकवली की त्या दिवशी खेळ बंद. खोटं बोललं की जेवण मिळायचं, पण ती समोर बसून बघत राहायची आणि घास उतरायचा नाही. वडील सांगतात, त्यापेक्षा मार परवडला असता.

१९७२ ला पाऊस गेला तेव्हा ती एका खेड्यात शिकवत होती. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. रेशनला परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी थापतानाच मोडायची. मुलांना सुकडी मिळायची. आजीच्या लक्षात आलं की हजेरीपटावर अंगठा लावणाऱ्या बायांना मजुरी मोजून मिळत नाहीये. ती शाळा सुटल्यावर कामावर चालत जायची आणि संध्याकाळी बायांना घेऊन बसायची. आधी स्वतःचं नाव लिहायचं, मग आकडे ओळखायचे, मग आपली मजुरी आपण मोजायची. त्यांतल्या बऱ्याच बाया विहिरीवर तिला लांब उभं करणाऱ्या घरांतल्याच होत्या. यावर ती स्वतः कधी काही बोलली नाही. मला हे तिच्याबरोबर काम केलेल्या एका वृद्ध शिक्षिकेकडून कळलं, आणि तेही आजी गेल्यानंतर.

आणखी एक गोष्ट सांगताना माझा आवाज कापला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना मिळत नाहीत. वडिलांच्या कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी एका हितचिंतकानं सुचवलं, “बाई, फॉर्मवर जुनी जात घाला, धर्माचं कशाला लिहिता? कोण बघतंय?” तसं करणारी कुटुंबं होती, आणि फीसाठी त्यांनी ते केलं म्हणून मी त्यांना नावं ठेवणार नाही. आजीनं ‘ख्रिस्ती’ लिहिलं. मग कानातलं विकलं, परसात कोंबड्या वाढवल्या, अंडी विकून फी भरली. वडील तिच्यावर वर्षभर नाराज होते. ते म्हणायचे, तुझा विश्वास तुझा, त्याची किंमत मी का मोजायची? या प्रश्नाचं उत्तर तिनं दिलं की नाही ते मला ठाऊक नाही. पण पुढे माझ्या शाळेच्या फॉर्मवर वडिलांनी तोच शब्द लिहिला.

तिची प्रार्थना मात्र मी स्वतः ऐकलेली आहे. पहाटे, अंधारात, गोधडीवर बसून. मोठमोठे शब्द त्यात नसायचे, नावं असायची. मुलं, सुना, जावई, नातवंडं, शेजारी, शाळेतली जुनी मुलं, दूध घालणारा, एकेकाचं नाव आणि पुढे त्याची नड. परीक्षा, गुडघे, बाळंतपण, कर्ज. शेवटच्या वर्षांत तिला माझा चेहरा ओळखू यायचा नाही, पण पहाटेच्या यादीत माझं नाव यायचं. मी शेजारी बसलेली असताना ती माझ्यासाठी प्रार्थना करायची आणि डोळे उघडून विचारायची, “तू कुणाची गं?”

तिचं बायबल आता माझ्याकडे आहे. समासात पेन्सिलीनं बारीक नोंदी आहेत. देव जमिनीला पाणी पाजतो असं वर्णन असलेलं ६५ वं स्तोत्र आहे ना, त्याच्या कडेला पहिल्या पावसाच्या तारखा आहेत, एकाखाली एक. १९७२ समोर काहीच नाही.

आता तुमचं. रविवारपर्यंत थोडेच दिवस आहेत, म्हणून आधी त्यांचं बायबल आणि गाण्याचं पुस्तक उघडा. समास बघा, मधे ठेवलेले कागद बघा. चर्चमधलं बाप्तिस्म्याचं रजिस्टर पाळकसाहेबांना दाखवायला सांगा. जन्मगाव, आईबापांची नावं, बाप्तिस्मा कुणी दिला, हे घरात कुणालाच माहीत नसलेलं तिथे सापडू शकतं. महिला मंडळातल्या सगळ्यांत वयस्क बाईंना फोन न करता घरी जाऊन भेटा. लेकीसुनांना आजी आई म्हणून आणि सासू म्हणून कशा होत्या ते वेगवेगळं विचारा, कारण दोन्ही उत्तरं सारखी येणार नाहीत आणि दोन्ही घ्यायला हवीत. एखादी कडू गोष्ट निघाली तर जिवंत माणसाला दुखावणार नाही एवढं बघा आणि सांगा.

शास्त्रपाठ तुम्हाला निवडायचा असेल तर नीतिसूत्रांचा ३१ वा अध्याय बहुतेक सभांत वाचतातच. त्याऐवजी दुसरं तीमथ्य, पहिला अध्याय, पाचवं वचन बघा. पौल तरुण तीमथ्याला आठवण करून देतो की तुझ्यातला विश्वास आधी तुझी आजी लोईस हिच्यात आणि तुझी आई युनीके हिच्यात होता. नातवंडानं वाचायला ते फार योग्य आहे. आणि गाणं आजींच्या आवडीचं घ्या, पेटीवाल्याला चाल आधी ऐकवून ठेवा, आणि कडवी गाळू नका.