तुमचे प्रश्न : ऑनलाईन क्लासमध्ये सम जाते कुठे?

प्रश्न : ताई, मी गाणं शिकवते, सध्या सगळे क्लास व्हिडिओ कॉलवर. एक विद्यार्थिनी आहे, आलाप छान करते, सुराला पक्की, पण बंदिश तालात घ्यायची म्हटली की दरवेळी मागे. मी इकडून हाताने ताल देते आणि ती समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येते ती माझी टाळी पडून गेल्यावर. तिची आई म्हणते की तिकडे तर बरोबर येतेय! मी नेटचा प्लॅनसुद्धा वाढवून घेतला, काही फरक नाही. मुलगी तालाला कच्ची आहे का?

उत्तर : अहो, आईचं बरोबर असणार. तुमची टाळी तिच्यापर्यंत उशिरा पोचते, ती त्या उशिरा आलेल्या टाळीवर अगदी चोख गाते, आणि मग तिचा आवाज तुमच्याकडे परत यायला पुन्हा तेवढाच वेळ. म्हणजे दोन्हीकडचा उशीर तुमच्याच पदरात पडतो, तिला तो कळतही नाही. हिशोब करून बघा. समजा एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंद आहे, व्हिडिओ कॉलला हे काही फार नाही. जाऊन-येऊन झाले 300. मिनिटाला 120 मात्रांची लय धरली तर एक मात्रा 500 मिलिसेकंदांची, म्हणजे तुम्हाला ती अर्ध्या मात्रेहून जास्त मागे ऐकू येणार. द्रुत लयीत, मिनिटाला 240 धरा, एक मात्रा 250 ची, तिथे तर अख्खी मात्राच गेली. हवेतून आवाज 150 मिलिसेकंदांत साधारण 50 मीटर जातो, त्यामुळे एवढ्या लांब बसलेल्या माणसाबरोबर ठेका धरायचा प्रयत्न चाललाय असं समजा. त्यात हा उशीर सारखा कमीजास्त होतो ते वेगळंच. आणि दोघं एकमेकांची वाट बघायला लागले की लय आपोआप खाली येते.

प्लॅनचं म्हणाल तर एमबीपीएस, म्हणजे नेटचा वेग सांगणारा आकडा, वाढला म्हणजे रस्ता रुंद झाला, लांबी तेवढीच राहिली. वायफायऐवजी राउटरपासून केबल लावलीत तर उशीर थोडा कमी आणि जरा स्थिर होतो, ब्लूटूथ हेडफोन असतील तर ते मात्र आधी काढा, कारण ते स्वतःचा उशीर वरून घालतात. पण एवढं करूनही एकत्र गाणं जमणार नाही, तो नाद सोडा.

मग करायचं काय, तर ताल तिच्या खोलीत ठेवायचा. तबल्याचं अ‍ॅप तिच्याकडे, तिच्याच लयीत, तुम्ही म्यूटवर. तबला आणि गळा तिकडेच एकत्र होऊन तुमच्याकडे येतात, दोन्हीला उशीर सारखाच, त्यामुळे सम चुकली तर ती खरंच चुकलेली असते. अ‍ॅप नसेल तर तिने स्वतः हाताने ताल द्यावा, आणि माझ्या मते तेच जास्त चांगलं, कारण समोर बसून शिकताना गुरूच्या हाताकडे बघत गायची जी सवय लागते ती इथे लागूच शकत नाही. तुम्ही ओळ म्हणून दाखवा, थांबा, मग तिने म्हणायची.

जॅकट्रिप, जॅम्युलस, सोनोबस अशी कमी उशिराची सॉफ्टवेअर आहेत, लोक त्यावर एकत्र वाजवतातही, पण दोघांकडे केबलचं नेट, शक्यतो ऑडिओ इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडायची पेटी) आणि मुख्य म्हणजे अंतर कमी पाहिजे. फायबरमधून प्रकाश मिलिसेकंदाला साधारण 200 किलोमीटर जातो, त्यामुळे 10,000 किलोमीटरला 50 मिलिसेकंद नुसते प्रवासातच गेले, तिथे कुठलंच सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. आठवड्याच्या क्लाससाठी एवढी उठाठेव मला तरी पटत नाही.

प्रश्न : विद्यार्थी सांगतो की तानपुरा लावलाय, सुरुवातीला मलाही ऐकू येतो, मग हळूहळू गायबच होतो. लांब सा लावला की मध्येच आवाज तुटतो. माईक बदलायला सांगू का?

उत्तर : थांबा, खर्च नको करायला लावू. हे कॉलचं अ‍ॅप करतंय. ही अ‍ॅप्स बोलण्यासाठी बनवलेली आहेत, सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे पंखा किंवा एसी असणार असं धरून ते तो काढून टाकतात, आणि तानपुऱ्याचं कामच सतत एकसारखं वाजायचं. स्थिर लावलेला सासुद्धा त्याच तावडीत सापडतो. वर हळू आवाज आपोआप वाढवायचा, मोठा दाबायचा हाही उद्योग असतो, त्यामुळे गळ्यातला चढउतार सपाट ऐकू येतो.

झूममध्ये ऑडिओ सेटिंगला ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ आहे, ते चालू करायचं, आणि नुसतं तिथे टिक करून भागत नाही, मीटिंगमध्ये त्याचं बटण ऑन दिसतंय ना ते बघायचं. गूगल मीटमध्ये नॉइज कॅन्सलेशन बंद करा. खूप जणांचं एक इथे हुकतं : हे सेटिंग ज्याचा आवाज पाठवायचाय त्याच्याकडे करायचं असतं. तुम्हाला त्याचा तानपुरा ऐकायचाय ना, मग त्याच्या फोनवर. एको कॅन्सलेशनही, म्हणजे स्पीकरचा आवाज माईकमधून परत जाऊ नये म्हणून कापायची सोय, बंद करणार असाल तर दोघांनी वायरचे हेडफोन लावा, नाहीतर आपलाच आवाज फिरून परत येत राहील.

आणि तानपुरा कॉलच्याच फोनवर वाजवत असेल तर तो जाणारच, फोन स्वतःच्या स्पीकरमधून निघालेला आवाज एको समजून कापतो. दुसऱ्या फोनवर लावायला सांगा, कॉलच्या फोनपासून हातभर लांब.

प्रश्न : तबला शिकवतो. मुलांचा बायाँ, म्हणजे डग्गा, दिसतच नाही, नुसतं तोंड दिसतं.

उत्तर : फोन स्टँडवर, समोरून जरा उंच, खाली झुकवून, दोन्ही पुड्या आणि मनगटं फ्रेममध्ये आली पाहिजेत. चेहरा कापला गेला तर जाऊ दे. हार्मोनियमला वरून किंवा बाजूने. दुसरा फोन कॅमेरा म्हणून जोडणार असाल तर त्याचा माईक आणि स्पीकर दोन्ही बंद, नाहीतर जी शिट्टी सुरू होते ती थांबत नाही.

प्रश्न : सर म्हणतात दर आठवड्याला रेकॉर्डिंग पाठवा. क्लास तर रेकॉर्ड होतोच की, मग हे कशाला?

उत्तर : कारण कॉलच्या रेकॉर्डिंगमध्ये वरच्या सगळ्या कापाकापीसकट आवाज येतो. फोनच्या साध्या रेकॉर्डरवर घ्या, तानपुरा बाजूला ठेवून, आणि पाठवताना व्हॉइस नोट नको, डॉक्युमेंट म्हणून फाईल जोडा. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं), कणस्वर (सुराला ओझरता लागणारा दुसरा सूर), श्वास कुठे घेतला हे सरांना त्यातच नीट कळतं. आणि पाठवायच्या आधी स्वतः एकदा ऐका हं, निम्म्या चुका तिथेच सापडतात आणि सरांचा क्लासमधला वेळ पुढच्या बंदिशीला मिळतो.